आजाराला तिथी नसते

खेड्यापाड्यांतील सरकारी दवाखान्यात ज्यांनी काही काळ घालवला आहे त्यांच्या दृष्टीस एक गोष्ट वारंवार पडलेली असते, आणि पडली तरी तिच्याकडे निवांतपणे पाहण्याची सवड सहसा कोणाला होत नाही. केसपेपरच्या दर्शनी बाजूवर डॉक्टरांचे अक्षर असते आणि मागल्या कोऱ्या बाजूवर रुग्णाच्या नातलगांचे. पुढे नाडी, ताप, रक्तदाब, औषधांची नावे. मागे एसटीचे भाडे, बाहेरून आणलेल्या इंजेक्शनांची किंमत, डब्याचे पैसे, त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली बेरीज. बेरजेच्या शेजारी कधी कधी माणसांची नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. बालाघाटाच्या डोंगरातील एका तालुक्याच्या गावी मी वैद्यकी करीत होते. तेथे या नावांची ओळख पटावयास फार दिवस लागत नसत. कोणी मेहुणा, कोणी किराणा दुकानदार, आणि बहुधा सर्वांच्या शेवटी, सर्वांत मोठा आकडा अंगावर घेऊन, ऊसतोडीचा मुकादम.

राउंड घेताना पुढची बाजू वाचून झाली की कागद उलटून पाहण्याची मला सवय लागली. शिष्टाचाराच्या दृष्टीने ती फारशी प्रशस्त नव्हती, कारण शरीर तपासण्याची मुभा रुग्ण वैद्याला देतो, कनवटीची देत नाही. तथापि पाहता पाहता असे ध्यानात येऊ लागले की ज्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या बाजूला सापडत नव्हती ती मागच्या बाजूला स्वच्छ लिहिलेली असत. न्यूमोनिया अंगावर काढून सहाव्या दिवशी आलेला माणूस सहाव्याच दिवशी का आला, हे त्याच्या फुप्फुसांच्या क्ष-किरण चित्रात दिसत नसे. आठवडी बाजार पाचव्या दिवशी होता आणि त्या बाजारात शेळी विकली गेली होती, हे मागच्या बाजूला दिसे. महिन्याची औषधे लिहून दिली असता दहा दिवसांचीच का घेतली गेली, आणि जिल्ह्याच्या गावी तातडीने न्यावयास सांगितलेली बाई दोन दिवस घरीच का राहिली, याचाही खुलासा तेथेच मिळे.

एकदा ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याला दाखल करून घ्यावयाचे ठरले. तिने आजाराचे नाव विचारले नाही. नवरा बरा होईल की नाही, हेही विचारले नाही. "बाई, आज किती लागतेल आन् मागून किती?" एवढेच तिने विचारले. रोग कोणत्या दिवशी कोणते वळण घेईल याचा अदमास बांधावयास मला शिकवले गेले होते; रोगाचा खर्च कोणत्या दिवशी कोणते वळण घेईल याविषयी कोणत्याच पाठ्यपुस्तकात प्रकरण नव्हते. आज हाताशी काय आहे आणि मागून काय उभे करता येईल, या दोहोंमध्ये किती दिवसांचे अंतर पडेल, आणि त्या अंतरात नवऱ्याचे काय होईल, असा तिच्या मनातला हिशेब होता, आणि माझ्या निदानापेक्षा तो अधिक पुढचा होता.

त्या मुलुखात "मागून" या गोष्टीची एक रीत ठरलेली आहे. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल घ्यावयाची, नवराबायकोने मिळून एक कोयता धरावयाचा, दिवाळीच्या आगेमागे चंबूगबाळे आवरून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघावयाचे, ऊन तापू लागता परतावयाचे, आणि उचल फिटली नसेल तर ती पुढच्या हंगामावर चढवावयाची. आजार पावसाळ्यात आला तर उचल दसऱ्याची वाट पाहत नाही, एवढाच फरक. म्हणजे आषाढातल्या तापाचे पैसे पौषातल्या उसाने फेडावयाचे असतात. जो ऊस अजून दुसऱ्याच्या शेतात उभा आहे आणि जो तोडणारे हात त्या क्षणी सलाइनच्या नळीला बांधलेले आहेत, त्या दोघांच्या भरवशावर औषधाच्या दुकानात रक्कम मोजली जाते. हंगामात काम चुकले की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत मिळतो, म्हणून आजारी पडणेही हंगामाबाहेर उरकावे लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा पुष्कळांना तो धक्कादायक वाटला. डॉक्टरी व्यवसायाने त्या धक्क्यातला आपला वाटा घ्यावयासच हवा. पण त्या शस्त्रक्रियांमागे खाड्याचे आणि उचलीचे एक पंचांग होते, आणि ते पंचांग कोणत्याही डॉक्टरच्या भिंतीवर टांगलेले नव्हते.

मी रुग्णालय सोडून आरोग्याच्या धोरणाकडे आणि त्याच्या पैशाकडे का वळले, याचे एखादे नेटके कारण मला देता येत नाही. त्या बाईच्या प्रश्नाने माझे आयुष्य पालटले असे सांगावयास मला आवडले असते, परंतु आयुष्ये इतक्या नाट्यमय रीतीने पालटत नाहीत. रात्रपाळ्यांचा शीण होता, मुलीच्या शाळेचा प्रश्न होता, एका शिष्यवृत्तीची जाहिरात नेमकी नजरेस पडली होती, आणि कागद उलटून पाहण्याची सवय तर होतीच. "ज्याच्या हाताला गुण आहे त्याने तो हात टिपण्या लिहिण्यात घालवू नये," असे माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी निक्षून सांगितले. आईने सांगितले काहीच नाही, फक्त विचारले, "आता तुला लोकांनी डॉक्टरीणबाई म्हणायचं की साहेब?" दोघांच्याही बोलण्यात खंत एकच होती. आपल्या समाजात वैद्याची प्रतिष्ठा त्याच्या स्पर्शात आहे, आणि स्पर्श सोडून आकड्यांकडे जाणारा वैद्य समाजाला संन्यास मोडून प्रपंचात पडलेल्या गोसाव्यासारखा वाटतो.

राज्यशासनाच्या एका विभागातील माझे नवे टेबल अशा दालनात होते की जेथे आजार हा शब्द क्वचितच कानी पडे. तेथे तरतूद होती, मागणी होती, पुनर्विनियोजन होते, उपयोगिता प्रमाणपत्र होते. बारनिशीत नोंद झाल्यावाचून कोणताही कागद जन्मास येत नव्हता, आणि नस्तीवर शेरा पडल्यावाचून त्याला पुढची गती नव्हती. राज्यातील रुग्णालयांचा, आरोग्यकेंद्रांचा, तेथल्या परिचारिकांच्या पगाराचा आणि कापसाच्या बोळ्यांचा मोठा हिस्सा २२१० या लेखाशीर्षाखाली सामावतो, आणि इमारत बांधावयाची झाली तर तोच प्रपंच ४२१० या दुसऱ्या शीर्षाखाली जातो, हे मला तेथे प्रथम समजले. या भाषेचा मला तिटकारा येईल असे माझ्या हितचिंतकांना वाटत होते. वस्तुतः ती मला आवडू लागली. फार्शी दप्तरातून आलेले शब्द आणि संस्कृत धातूंवरून भाषा संचालनालयाच्या काळात घडवलेले शब्द तेथे एकाच टिपणीत गुण्यागोविंदाने नांदत, आणि प्रत्येक शब्दाला एक नेमकी जागा असे. वैद्यकाचीही अशीच स्वतःची भाषा असते. कोणत्याही शास्त्राच्या अंगी येणारा कोरडेपणा हा पुष्कळदा काटेकोरपणाचाच दुसरा चेहरा असतो.

माझे खरे शिक्षण केले ते निवृत्तीला आलेल्या एका कक्ष अधिकाऱ्यांनी. एका प्रस्तावासाठी मी रुग्णालयातल्या सवयीने घाई करू लागले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे पेशंट दगावला की कळतं. आमच्याकडे नस्ती दगावलेली कोणाला कळत नाही. तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा येतो, आणि ती जिवंतच आहे असं सगळे धरून चालतात." रुग्णशय्येजवळ विलंब हे पाप असते. शासनाच्या दालनात घाई हा संशयाचा विषय असतो, आणि तो संशय सर्वथा गैर आहे असेही म्हणवत नाही, कारण घाईने खर्ची पडलेला सार्वजनिक पैसा कोणाच्या खिशात गेला हे शोधण्यात पुढच्या पिढीतील लेखापरीक्षकांची वर्षे जातात. या दोन नीतींमध्ये मला कित्येक दिवस कोणती खरी ते ठरवता येत नव्हते. अजूनही पुरते ठरवता आलेले नाही.

पण त्याहून अधिक गुंगवून टाकणारी गोष्ट होती ती शासनाच्या पैशाच्या पंचांगाची. वर्ष चैत्राच्या आगेमागे, एक एप्रिलला उजाडते. ही प्रथा इंग्रज सरकारने १८६७ साली आपल्या मायदेशातील वर्षाशी जुळावे म्हणून येथे घातली, आणि पाऊस ज्या देशाचे अर्धे भवितव्य ठरवतो त्या देशाने ती तशीच चालू ठेवली. हे वर्ष जानेवारीपासून धरावे अशी शिफारस लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने १९८५ साली केली होती. ती शिफारसच राहिली. एप्रिलात नव्या तरतुदी कागदावर असतात, पण निधी वितरित होत होत पावसाळा तोंडावर येतो. पुरवणी मागण्या पावसाळी अधिवेशनात येतात, उरलेल्या डिसेंबरात नागपूरला. फेब्रुवारी सरता सरता दप्तरांत चैतन्य संचारते, मार्चात त्याला ज्वराचे स्वरूप येते, आणि एकतीस मार्चच्या रात्री जे खर्च झाले नाही ते व्यपगत होते. रोगांचे पंचांग याहून निराळे आहे. उष्माघात वैशाखात येतो, सर्प पेरणीपासून पुढे दंश करतात, डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यावर भाद्रपदात पोसतो, आणि बाळंतपण तर सगळे महिने सारखेच मानते. या दोन पंचांगांचा मेळ घालणे, म्हणजे आजार येण्यापूर्वी त्याच्या जागी पैसा जाऊन उभा राहील असे करणे, हेच माझे नवे काम आहे, असे मला हळूहळू वाटू लागले. बाकी सर्व, विमा असो, अनुदान असो, उपकर असो, या एका कामाची निरनिराळी अवजारे होत.

या वाटेने आधी गेलेल्यांची आठवण अशा वेळी होते. रुडॉल्फ व्हिर्खो हा बर्लिनचा विकृतिशास्त्रज्ञ सव्वीस वर्षांचा असताना, १८४८ साली, प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहावयास धाडले. परत येऊन त्याने औषधयोजना लिहिली ती शिक्षणाची, स्वशासनाची, रस्त्यांची आणि कराचा भार गरिबांवरून उतरवण्याची. आणि पुढे हाच मनुष्य प्रशियाच्या विधिमंडळात बसून अंदाजपत्रकावरून बिस्मार्कशी भांडला. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे, कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांना पुन्हा काम करावयास लावणारे डॉक्टर नोशिर अंतिया १९७५ साली 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था स्थापून मांडव्याच्या परिसरातील खेड्यांकडे वळले. त्याच्या थोडे आधी, १९७० साली, आमच्या डोंगराच्या पलीकडेच जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवण्याचे धाडस केले होते. वैद्य असे समाजाकडे आणि पैशाकडे गेले, आणि उलट दिशेनेही काही माणसे आली. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा १९४४ साली मांडणारे बी. पी. आडारकर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तत्त्व १९४६ साली ज्यांच्या समितीने या देशापुढे ठेवले ते नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर सनदी अधिकारी होते. त्यांनी बहुधा कोणाची नाडीही कधी पाहिली नसेल.

आडारकरांच्या आराखड्यातून कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. गिरणीतल्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम, मालकाकडून त्याहून मोठी, आणि मग आजार आला की दवाखान्याचे दार उघडे. "मागून" द्यावयाचे ते "आधी" देऊन ठेवण्याची ही युक्ती किती साधी आणि किती उदात्त आहे, हे मी कायद्याची कलमे वाचताना मनाशी म्हणत होते, तोच हंगामी कारखान्याची व्याख्या समोर आली. हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता, आणि अशा कारखान्यांच्या यादीत, कापसातून सरकी काढण्याच्या आणि शेंगा फोडण्याच्या जोडीला, साखर आणि गूळ यांची नावे स्पष्ट लिहिलेली होती. कारखान्याच्या आतला मनुष्यही जेथे हंगामामुळे वगळला जातो तेथे फडातल्या कोयत्याची काय कथा! विमा बारमाही मिळकतीवर उभा राहतो. ज्यांच्या मिळकतीलाच ऋतू आहेत त्यांना तो आपल्या अंगणात घ्यावयास बिचकतो.

ही उणीव भरून काढावयास पुढे शासन स्वतःच हप्ता भरू लागले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला आरंभी वर्षाकाठी दीड लाखाचे कवच होते, ते आज पाच लाखांवर गेले आहे. आरंभी ९७१ उपचारांची यादी होती. अशा याद्या जेथे सिद्ध होतात त्या टेबलाशी बसण्याचा योग मला आला आहे. हृदयाची झडप, गुडघ्याचा सांधा, मूतखडा यांचे दर एकाखाली एक लिहिले जातात, आणि जे यादीत येते ते जगात घडू लागते, जे येत नाही ते मात्र घरी सोसले जाते. शस्त्रक्रियेला दिनांक असतो, म्हणून ती यादीत सुखाने बसते. मधुमेहाची आणि रक्तदाबाची रोजची गोळी कोणत्याही एका दिवशी येत नाही आणि कोणत्याही एका दिवशी संपत नाही. तिचे पैसे ठिबकत जातात, आणि ठिबकणाऱ्या गोष्टीला पॅकेज बांधता येत नाही. देशातील आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी थेट खिशातून केलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ वर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेख्यात नोंदलेले आहे. हा उतार मला आनंद देतो, आणि त्याच वेळी त्या उरलेल्या एकोणचाळिसांत बहुतेक त्या ठिबकणाऱ्या गोळ्याच असणार, हेही डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांना वाटते की येथे येऊन मी माणसे गमावली आणि सरासऱ्या मिळवल्या. त्यात तथ्य आहे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे शुल्कसुद्धा गेले, तेव्हा त्या शासन निर्णयाची प्रत वाचताना जे वाटले ते रुग्णाचा ताप उतरल्यावर वाटते त्याच जातीचे होते, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकते. फरक इतकाच की येथे ज्याचा ताप उतरला त्याचे नाव मला कधीच कळणार नाही, आणि त्यालाही माझ्यासारख्यांचे कळणार नाही. कृतज्ञतेवाचून काम करण्याची सवय वैद्याला नसते. ती लावून घ्यावी लागते.

तालुक्याच्या गावी बायकांची भिशी चालत असे. दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि चिठ्ठीत ज्या बाईचे नाव निघेल तिला सगळ्यांचे पैसे. कधी एखादीच्या घरी दुखणे आले की बाकीच्या जणी चिठ्ठी न टाकताच तिला रक्कम देऊन टाकीत, आणि त्याबद्दल कोठेही ठराव झालेला नसे. राज्याच्या पातळीवर तेच करावयाचे झाले की वीस अटी घालाव्या लागतात, कारण तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. ओळखीची जागा नियमाने भरून काढणे म्हणजेच शासन. पण ओळख असो वा नियम, आजार आणि पैसा या दोहोंपैकी कोणी तरी कोणासाठी तरी थांबून राहणे भाग असते, एक तर आजार पैशासाठी थांबतो, नाही तर पैसा आजारासाठी. आणि थांबून राहिलेल्या पैशावर सर्वांचाच डोळा असतो, विशेषतः मार्चात.

सध्या माझ्यापुढे ऊसतोड कामगारांच्या आरोग्याविषयी एक नस्ती आहे. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, आणि कारखान्याने गाळलेल्या उसाच्या दर टनामागे दहा रुपये व तेवढीच शासनाची भर, अशी त्याच्या निधीची योजना आहे. उसाच्या वजनाबरोबर येणारा हा पैसा हंगामात जमतो आणि दुखणी पुष्कळदा परतल्यावर डोके वर काढतात, असे मी टिपणीत लिहिले होते. त्यावर वित्त शाखेचा शेरा आला आहे की अपेक्षित आजारपणाचा मासनिहाय अंदाज सादर करावा. प्रथम मला हसू आले. मग वाटले, ज्याला पैसा तयार ठेवावयाचा आहे त्याने आणखी दुसरे काय विचारावे? जून ते मे असे बारा रकाने मी आखले आहेत. एप्रिल ते मार्च असेच पाहिजेत, असे लिपिकाचे म्हणणे आहे. कसेही आखले तरी हा अंदाज चुकणार, याविषयी मला शंका नाही, कारण माझ्या रुग्णांपैकी कोणीही रकाना पाहून आजारी पडलेला मला आठवत नाही. चुकावयाचाच असेल तर तो कोणाच्या बाजूने चुकावा, एवढे मात्र ठरवता येण्यासारखे आहे, आणि त्याबाबत वित्त शाखेशी माझे बोलणे अजून व्हावयाचे आहे.